भारीतल्या बॅटऱ्या

आमच्या बाबांपुढे कुणी बॅटरीचा विषय काढला की संपलंच. समोरचा घाईत आहे, जांभया देतोय, याचं त्यांना काही सोयरसुतक नसायचं. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्त झाल्यावर रिमोटच्या विमानांचं वेड लागलं, आणि विमानांपेक्षा जास्त वेड त्यांच्या पोटातल्या बॅटऱ्यांचं. दोन बॅटऱ्या शेजारी ठेवायचे. आकार तोच, छापलेला क्षमतेचा आकडा तोच, किमतीत मात्र तिपटीचा फरक. मग मला म्हणायचे, उचलून बघ. महागातली हाताला जड लागायची. आत माल आहे म्हणून जड, ते म्हणायचे, आकडा काय, छापणाऱ्याच्या मनात येईल तो छापतो.

बाकीचं ज्ञानही फुकट मिळायचं. स्वस्तातल्या बॅटरीचे सेल जोडी बघून निवडलेले नसतात, आणि एक सेल आळशी निघाला की तो बाकीच्यांनाही घेऊन बसतो. आतला अडथळा मीटरने मोजायचा. तो जास्त असला की ऐन कामाच्या वेळी बॅटरी गरम होते आणि मान टाकते. मी घरीच शिवणकाम करते, त्यामुळे हे सगळं शिलाई मशीनच्या आवाजाबरोबर माझ्या कानात जायचं. आई पलंगावरून म्हणायची, "माझ्या छातीतला अडथळा पण मोजा एकदा." असं बोलावं तर तिनंच.

आईची फुप्फुसं निकामी होत चालली होती. हवेतून प्राणवायू गोळा करणारं मशीन तिच्या उशाशी रात्रंदिवस घरघरायचं, आणि नळी नाकातून निघाली की थोड्याच वेळात तिचे ओठ निळे पडायचे. मशीन चालतं विजेवर. वीज गेली तर काय, या एका प्रश्नाने माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. सिलिंडर होता, पण छोटा. तो लावायचा, संपायचा, पुन्हा भरायला पाठवायचा, आणि भरणारा माणूस सवडीने आणून द्यायचा.

बाबा म्हणाले, मी करतो सोय. इन्व्हर्टर आणला, त्याला विमानाच्या चार मोठ्या बॅटऱ्या जोडल्या आणि सगळं एका डब्यात बसवलं. सुरुवातीला त्यांनी घरात होत्या त्या स्वस्तातल्या लावल्या. आईला सिलिंडरवर ठेवून आम्ही मशीन डब्यावर चालवून पाहिलं. आकड्यांच्या हिशेबाने अख्खी दुपार निघायला हवी होती, पण माझं एक पोलकं शिवून होईपर्यंत बॅटरी संपत आल्याचा भोंगा वाजून डबा कोकलायला लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना नाही नाही ते बोलले. दुनियेला अक्कल शिकवता आणि आईच्या वेळी हलका माल लावता, असंही बोलले.

 बाबांचं एक पिवळं विमान होतं, पंख माणसाच्या दोन हातांएवढे, दोन वर्षं खपून घडवलेलं. दुसऱ्या दिवशी ते भिंतीवरून गायब झालं, आणि संध्याकाळी बाबा भारीतल्या चार बॅटऱ्या घेऊन आले. विटेसारख्या जड. दुकानदाराला वजनकाटा काढायला लावून, मीटर लावून, डझनभरातून निवडून आणलेल्या. आई एवढंच म्हणाली, "विकलंत ना ते?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

या वेळी चाचणीत मशीन दुपारच्या जेवणापासून ऊन उतरेपर्यंत चाललं. मी डब्याला अस्तराची खोळ शिवली. बाबांनी जुन्या बॅटऱ्या काढून गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात, वाळूवर टाकल्या. त्यांच्यावर घरात भरवसा नको म्हणाले. भारीतल्यांसाठी इन्व्हर्टरला मोठे प्लग बसवले. सिलिंडर भरायला गेला, तर त्याचीही कुणी घाई केली नाही. डबा होता ना.

पुढे जे झालं ते मला नंतर कळलं, पण सांगायचं तर इथेच सांगावं लागेल. या बॅटऱ्या काठोकाठ भरून नुसत्या ठेवल्या की खराब होतात, फुगतात. म्हणून विमानवाले उड्डाण झालं, की उरलेल्या भरलेल्या बॅटऱ्या चार्जरला लावून अर्ध्यावर उतरवून ठेवतात. ही त्यांच्या हाताची सवय असते, आपण गॅस बंद केलाय का ते जाता जाता बघतो तशी. काही आठवड्यांनी बाबांना चारांतली एक बॅटरी कडेला जराशी मऊ लागली.  पोटच्या पोरासारख्या जपलेल्या त्या. त्यांनी चारही अर्ध्यावर उतरवल्या आणि खोळ पुन्हा नीट घातली. वीज जायची असेल तर आदल्या दिवशी कळवतात, तेव्हा तासाभरात भरून घेऊ, असं त्यांच्या मनात होतं. मला सांगायचं राहून गेलं.

वीज गेली ती न कळवता. दुपारची वेळ होती, बाबा विमान उडवायला गावाबाहेरच्या मैदानावर गेलेले. खाली रस्त्यावर मोठा आवाज झाला, माझं शिलाई मशीन बंद पडलं, आणि मी शांतपणे उठून आईचं मशीन डब्याला जोडलं. हो, शांतपणे. घरघर सुरू झाली. आईने डोळे उघडून डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पिवळं विमान उडालं बरं का." आम्ही दोघी हसलो. बाबांना फोन लावला, उचलला नाही. उडवताना ते फोन पिशवीत ठेवायचे. मी हातशिलाई करत आईजवळ बसले. एकदा मनात आलं, अँब्युलन्सला सांगून ठेवावं का. पण एवढ्या भारीतल्या बॅटऱ्या, अख्खी दुपार निघते हे डोळ्यांनी बघितलेलं. उगाच कशाला कुणाला पळवायचं.

दीडेक तासाने बाबांचा फोन आला. मी म्हटलं, लाईट गेलीय, पण काळजी नको, डबा चालू आहे.  बाबा म्हणाले, "अगं, त्या अर्ध्याच भरलेल्या आहेत."

त्यांचं वाक्य पुरं होतंय तोवर डबा कोकलायला लागला.

सिलिंडर तर अजून भरून आलाच नव्हता. मी अँब्युलन्सला फोन केला. निघाली म्हणाले, पण सगळे सिग्नल बंद, रस्ते तुंबलेले. शेजारच्या काकू धावत आल्या. मशीनची घरघर खाली खाली येत थांबली. काकूंनी त्याची पिन पुन्हा भिंतीत खोचली, लाईट आली तर म्हणून. मी गॅलरीत पळाले, रंगाच्या डब्यातून जुनी बॅटरी काढून आणली, तर तिचा प्लग लहान. नव्या तोंडात शिरेना. कात्री हाताशी होती. तारा कापून जोडाव्यात म्हणून मी दोन्ही तारा एकदम धरल्या आणि कापल्या. डोळ्यांपुढे पांढरा जाळ झाला. कात्रीच्या पात्याचा तुकडा वितळून गेला, आणि बॅटरी माझ्या हातात गरम होऊन फुगायला लागली. ती मी गॅलरीतल्या पाण्याच्या बादलीत फेकली. तारा एकेक करून कापायच्या, हे बाबांनी मला शंभरदा तरी सांगितलं असेल.

दुसरीला हात घालायला निघाले तर आईने माझा दंड धरला. तिच्यात तेवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"बस इथे," ती म्हणाली. "जाऊ नकोस आता."

मी बसले. तिला उठवून छातीशी टेकवून धरलं. ती श्वास ओढत होती आणि श्वास आत जात नव्हता. काकू वहीने वारा घालत होत्या, जसं काही वाऱ्याने होणार होतं. मला त्या वहीचा राग आला, काकूंचा आला, बाबांचा तर इतका आला की ते समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. आईची मान माझ्या खांद्यावर आली. अँब्युलन्सची माणसं चार जिने चढून आली तेव्हा त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच वेळात बाबा आले. आईकडे बघितलं, तिच्या पायांवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग उठून गॅलरीत गेले. वाळूतल्या उरलेल्या तीन बॅटऱ्या आणून त्यांनी जमिनीवर ओळीने ठेवल्या आणि एकेकीला मीटर लावला.

"या भरलेल्या होत्या," ते म्हणाले. "पूर्ण. चाचणीनंतर भरल्या त्या भरल्या, पुन्हा उतरवल्याच नाहीत. यांचं काय एवढं जपायचं, म्हणून."

माझं एक पोलकं शिवून होईपर्यंत त्या मशीन चालवत होत्या. अँब्युलन्सला तेवढा वेळही लागला नव्हता. मला हे म्हणायचं होतं, ओरडून म्हणायचं होतं. पण त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं. 

वीज आली. उशाजवळचं मशीन आपलं आपण घरघरायला लागलं. काकूंनी ते बंद केलं. मी वळून पाहिलं तर बाबा भारीतल्या चार बॅटऱ्या चार्जरला जोडत होते. मी विचारलं, काय चालवलंय. पार रिकाम्या झाल्यात, ते म्हणाले, अशाच ठेवल्या तर मरतात. बोलून गेले आणि तसेच थिजले. चार्जरवर कुठवर भरायचं ते निवडावं लागतं. बोट बटणावर धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर बॅटरीतलं काहीही त्यांनी मला विचारलेलं नव्हतं.

"पूर्ण?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण," मी म्हटलं.

मैदानावर ते पुन्हा गेले नाहीत. आईच्या पलंगाखाली तो डबा अजून आहे. चारही बॅटऱ्या फुगून टम्म झाल्यात, डब्याचं झाकण लागत नाही, मी शिवलेली खोळ आता त्यावर बसत नाही. कधीतरी पेट घेतील, काढून टाका, असं मी किती वेळा सांगितलं. ते ऐकत नाहीत. रोज सकाळी गुडघे टेकून मीटर लावतात, एखादी थोडीशी जरी उतरलेली दिसली की चार्जर लावतात, आणि मग मी शिवत असते तिथे येऊन मला सांगतात, भरलेल्या आहेत.