परत आलेले आकडे

मन्सूरा शहराच्या विज्ञान महाविद्यालयात प्रबंधाची परीक्षा म्हणजे निम्मं लग्नच. रबाबची आई इनाम सकाळीच हजर झाली होती. भरलेल्या बदकाचं पातेलं, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, बसबूसा या रव्याच्या मिठाईचं तबक, दोन मावश्या, आणि फुलांचा एवढा थोरला गुच्छ की फळ्याचा एक कोपरा दिसेनासा झाला. परीक्षकांना जेवू घातल्याशिवाय पदवी पचत नाही असं इथे सगळे मानतात. परीक्षक जरा जास्तच मानतात.

रबाब गणित विभागात मुईद होती, म्हणजे शिकता शिकता शिकवणारी. मुईदने ठरल्या मुदतीत माजिस्तेरची, म्हणजे पदव्युत्तर पदवी मिळवायची असते. नाही मिळाली तर हातातला खडू जातो आणि कचेरीतलं टेबल नशिबी येतं. रबाबची मुदत याच महिन्यात संपत होती. ते टेबल तिला नको होतं, कारण शिकवण्यावाचून तिला दुसरं काही आवडत नव्हतं.

तिचा विषय होता आकड्यांच्या मालिका, ज्यांत पुढचा आकडा मागच्या दोघांवरून ठरतो. मोजणी घड्याळासारखी, शेवटाला पोचली की पुन्हा शून्यापासून. आईला तिने सोपं करून सांगितलं होतं, "आकडे घरातून निघतात. कोणते परत घरी येतात, ते मी शोधते."

"परत येईल तो आपला," आई म्हणाली होती, आणि तिच्यापुरता विषय संपला होता.

मागून दुसऱ्या आकड्याला ज्याने गुणायचं तो गुणक, आणि जिथे घड्याळ पुन्हा शून्यावर येतं तो घड्याळाचा आकडा; या दोघांना एकाहून मोठ्या एकाच संख्येने भाग जात नसेल, तर रबाब त्या जोडीला मोकळी म्हणे. तिचा सिद्धांत दोन बाजूंचा होता. जोडी मोकळी असेल, तर मालिका परतते. आणि उलट, मालिका परतली, तर जोडी मोकळी असते. दोन्ही बाजू सिद्ध झाल्या तरच सिद्धांत पुरा. पहिली तिने पंधरा पानांत केली होती, दुसरी अवघ्या दोनांत. त्या दोन पानांचा तिला फार अभिमान होता.

अलेक्झांड्रियाहून आलेल्या परीक्षक डॉक्टर सौसन यांनी चष्मा नाकावर ओढला. गणिताला हात लावण्याआधी भाषेची हजामत करायची, ही परीक्षकांची जुनी खोड.

"दुसरी बाजू वाच गं."

"मालिका परतत नसेल, तर जोडी मोकळी नसते," रबाबने वाचलं.

"किती ही नकारघंटा! मुलीला आलेल्या मागणीला नकार कळवतेस की काय? वाक्य उलटं फिरव म्हणजे दोन्ही नकार जातील, आणि सरळ करून सांग."

सभागृह हसलं. रबाबही हसली. असं वाक्य फिरवणं तिच्या हातचा मळ होता. "म्हणजे, जोडी मोकळी असेल, तर मालिका..."

ती पहिल्या बाजूचं पान उलटून पाहू लागली.

"परतते," डॉक्टर सौसननी पुरं केलं. "बस्स, असं लिही." आणि त्या पुढच्या पानावरच्या स्वल्पविरामाकडे वळल्या.

रबाबला ते दिसलं. ही दुसरी बाजू नव्हतीच. ही पहिलीच होती, अंगरखा उलटा घालून आलेली. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! उलट बाजू तिने सिद्ध केलीच नव्हती, एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. आणि हीच चूक केली म्हणून मागच्याच आठवड्यात तिने एका पोराच्या उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढली होती, वर 'विचार करा' असा शेराही मारला होता.

उलट बाजू खरी तर असेल. खरी असेल तर सिद्धता रात्रीतून लिहिता येईल. तिने प्रबंधाच्या कडेला एक छोटी मालिका मांडली, आणि उत्तर पाहून तीच पुन्हा मांडली.

परीक्षक निकाल ठरवायला उठले. तिचे मार्गदर्शक डॉक्टर फिक्री जाता जाता पुटपुटले, "बसबूसा झाकून ठेव, माश्या बसतायत. झालंच तुझं."

"डॉक्टर, थांबा."

तिने फुलं बाजूला सारली आणि खडू उचलला. "घड्याळ सहाचं, गुणक दोन. दोघांनाही दोनाने भाग जातो, म्हणजे जोडी मोकळी नाही. मागच्या आकड्यात त्याच्या मागच्याची दुप्पट मिळवायची, आणि सहा भरले की टाकून द्यायचे." तिने लिहिलं: २, २, ०, ४, ४, ०, २, २. मोकळी नसलेल्या जोडीची मालिका घरी परतली होती; उलट बाजू खोटी होती.

डॉक्टर फिक्री फळ्याजवळ गेले. ओठ हलवत त्यांनी बेरजा केल्या, मग पुन्हा केल्या.

"मी तीनदा वाचला हा प्रबंध," ते म्हणाले. "ही चूक तुला पहिल्या वर्षी मीच शिकवली होती. टाळायला."

डॉक्टर सौसन खुर्चीत परत बसल्या. स्वल्पविरामांवर झिजवलेली पेन्सिल त्यांनी हळूच खाली ठेवली. "अर्धा सिद्धांत उभा आहे, बाळ," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता. "अर्ध्याची पदवी नसते. तू गप्प राहिली असतीस तर आम्ही सही केली असती."

"माहीत आहे."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून इनामची झगरूता उठली, जीभ नाचवत काढलेली लांबलचक आनंदाची आरोळी. मावश्यांनी तिच्यात आपल्याही मिसळल्या. सभागृह नुसतं दणाणून गेलं. आईने पुढे येऊन लेकीला मिठीत घेतलं, आणि लेक रडतेय हे तिला गालाला ओल लागल्यावर कळलं.

"अगं, रडतेस काय? मला वाचता येतात आकडे. दोन-दोन निघाले, दोन-दोन घरी आले. आले ना परत?"

"आले, आई," रबाब म्हणाली. "यायला नको होते."