तेलाचा रंग

मी एक जुना पंखा आहे. पण मित्रांनो, मान वर करून छताकडे बघू नका. माझी जागा पाण्याखाली. छोट्या होडीच्या मागे मोटर बसवतात ना, तिच्या तळाशी फिरणारा तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा तो मी. मी पाणी मागे लोटायचो आणि होडी पुढे जायची. आता मी फिरत नाही.

माझा जन्म साच्यात झाला. धातू ओतला, निवला, घासला, त्यावर काळा रंग चढला. मग उत्तर मिनेसोटातल्या एका तळ्यावर आर्विद आणि हेल्मी या जोडप्याच्या होडीला मला लावलं. त्यांचं घर तळ्यातल्या बेटावर होतं. पीठ, कॉफी, टपाल, छपराचे पत्रे, सगळं माझ्या जोरावर पार व्हायचं. हेल्मीला कळा सुरू झाल्या तेव्हा मीच तिला किनाऱ्यावर पोचवलं. त्या रात्री ड्वेन जन्मला. आर्विदनं परत येऊन माझ्या पात्यावर थाप मारली. एवढं कौतुक मला पुरलं.

आर्विदला मासे कळत, मोटर कळे ती हेल्मीला. तळं गोठण्याआधी होडी बेटावरच्या शेडमध्ये जायची. त्याच्या आधी हेल्मी पिन काढायची, नट सोडवायची आणि मला मोटरीच्या दांड्यावरून ओढून काढायची. कारण माझ्यामागे चोर लपतो. मासे धरायचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, पाण्यात सुटला की दांड्याभोवती गुंडाळतो, आत सरकतो आणि रबरी सील कापतो. मग गिअरच्या डब्यात पाणी शिरतं. हिवाळ्यात ते पाणी गोठतं, फुगतं आणि डबा फोडतं.

मला काढलं की ती डब्याखालचा स्क्रू सोडून जुनं तेल पातेल्यात धरायची. मधासारखं असलं तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलं. नवं तेल थंडीनं घट्ट होई, म्हणून त्याची बाटली ती सौनाच्या बाकावर शेकत ठेवायची. सौना म्हणजे त्यांची वाफेची न्हाणी. मीही त्या न्हाणीच्याच बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचो.

"तेलाला शेक, पंख्याला शेक," आर्विद कुरकुरायचा, "माझा नंबर कधी?"

"रांगेत ये. तुझं सील तर कधीच गेलंय."

आर्विद गेल्यावर ती बेटावर एकटी राहिली. पोरगा ड्वेन शहरात. वर्षं सरली. मग एका ऑगस्टमध्ये तो मासे धरायला आला आणि त्याचा तंगूस माझ्यात अडकला. बाहेर दिसत होता तेवढा त्यानं चाकूनं कापला. उरलेला माझ्यामागे आत गेला. तो सील कापत होता, ते मला जाणवत होतं. मित्रांनो, आम्हाला जाणवतं, पण सांगता येत नाही.

सप्टेंबरात हेल्मी सौनाच्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

"आई, आता बेट पुरे," ड्वेन म्हणाला. "गावात खोली बघितलीय. लिफ्ट आहे."

"लिफ्ट कुठे जाते? तळ्यावर?"

खूप ओढाताण झाली. शेवटी ठरलं असं: मे महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडतो, त्या दिवशी हेल्मीनं स्वतः होडी चालवत बेट गाठलं, तर ती तिथेच राहील. नाहीतर गाव. शब्दाला शब्द.

त्या शरदात ड्वेननं होडी गावाच्या बाजूला आणली आणि तिथल्या शेडमध्ये आवरली. पेट्रोल टिकावं म्हणून टाकीत औषध घातलं, इंजिनात तेल फवारलं, बॅटरी काढली, ताडपत्री तर अशी बांधली की वारा लाजावा. दिसणारं सगळं केलं. मला मात्र काढलं नाही. माझा नट गंजून घट्ट बसला होता, आणि बाहेर गाडीत त्याचा मित्र हॉर्न वाजवत होता. हरणाच्या शिकारीला जायचं होतं.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला.

"पंखा काढलास?"

"हो गं आई."

"तेलाचा रंग कसा होता?"

ड्वेननं बाहेर मित्राला आलोच असा हात केला. "छान होता."

"छान म्हणजे कसा? मधासारखा?"

"हो, मधासारखा. तू झोप आता."

तो हिवाळा मी शेडमध्येच काढला. जानेवारीत थंडी इतकी पडली की शेडच्या फळ्या कडकड वाजत होत्या. एकदा माझ्या अगदी जवळून तसाच आवाज आला. तो फळीचा नव्हता.

तिकडे हेल्मी पुन्हा चालायला शिकत होती. व्यायाम घेणाऱ्या बाईला म्हणायची, "मला चालायचं नाही गं, होडीत उतरायचंय. तेवढं शिकव."

मेमध्ये ती धक्क्यावर आली. हातात काठी, डोक्यावर आर्विदची टोपी. होडीत उतरली तीही कुणाचा हात न धरता. दोरी ओढली, मोटर सुरू झाली. तिनं गिअर टाकला. खालून दगड दळल्यासारखा आवाज आला आणि मी अर्धा फेरा घेऊन थांबलो. पाण्यावर माझ्याभोवती तेलाचे रंग पसरले, निळे, जांभळे, पिवळे.

हेल्मीनं मोटर बंद केली. वाकून तिनं पाण्यावरचे रंग बघितले.

"रंग कसा होता म्हणालास?"

ड्वेननं होडी दोरीनं धक्क्याला बांधली.

गावातल्या वेंडेल मेकॅनिकनं मला खेचून काढलं. दांड्यावर तंगूस होता, वितळून काळा कडक झालेला. "बाई, गिअरचा डबा फुटलाय, आणि या मोटरीचे डबे आता कुठे मिळत नाहीत," तो म्हणाला.

"आई, नवी मोटर घेऊ ना. पुढच्या उन्हाळ्यात," ड्वेन म्हणाला.

"पुढचा उन्हाळा तुझा, ड्वेन. माझा हा होता." मग तिनं काठी उचलली. "शब्दाला शब्द. चल, तुझी लिफ्ट दाखव."

ती रागावली नाही. तिनं रागवायला हवं होतं, असं मला वाटतं.

आता मी तिच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर असतो. खिडकीतून गाड्या उभ्या करायचा तळ दिसतो. झाडांची पानं पिवळी पडली की ती मला मांडीवर घेते, फडक्यानं पुसते, मधल्या भोकातून बोट फिरवून बघते. तिथे ना दांडा आहे, ना तंगूस. तरी बघते, आणि मग जागेवर ठेवते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं यंत्र असेल, ज्याच्या जोरावर कुणाचं तरी जगणं चाललेलं असेल. बाहेरून पुसलेलं यंत्र निरोगी दिसतं. थोडा वेळ द्या, उघडा, मागे काय लपलंय ते पाहा. आणि कुणी दुरून विचारलं की रंग कसा होता, तर बघितला नसेल तेव्हा "बघितला नाही" एवढंच म्हणा. तेवढं त्या दिवशी कुणी म्हटलं असतं, तर आज मी ओला असतो.