येतो म्हणाला होता

गावातले निम्मे म्हातारे ज्या दातांनी हसायचे, ते दात कवळीवाल्याने घडवलेले होते. त्याचं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? दातांचे डॉक्टर त्याच्याकडे जबड्यांचे ठसे पाठवायचे, तो त्यात प्लास्टर ओतून साचे करायचा आणि साच्यावरून कवळी. माणूस कामाला वाघ, पण निर्णय घ्यायची वेळ आली की शेळी. भाजी कोणती आणू हेसुद्धा मंडईतून बायकोला फोन करून विचारणार. अशा माणसाच्या गावावर चक्रीवादळ यायचं ठरलं म्हटल्यावर बघायलाच नको.

पहिला इशारा सोमवारी सकाळी आला. वादळ बुधवारी रात्री किनाऱ्याला धडकणार होतं. बायकोने गॅस बंद केला आणि म्हणाली, "आजच निघू या. ताईकडे जाऊ."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. तिचं गाव घाट चढून तीन तासांवर होतं. तिथे वारा पोचला तरी पाणी पोचणार नव्हतं, घर पक्कं होतं, माणसं मायाळू होती. अडचण एकच, त्या घरात साडू राहायचा. दोन वर्षांपूर्वी असाच इशारा आल्यावर ही मंडळी नाक मुठीत धरून साडूकडे पळाली होती, आणि वादळाने ऐन वेळी तोंड फिरवलं. गावात एक फांदीसुद्धा पडली नाही. तेव्हापासून साडू भेटला की चारचौघांत विचारायचा, "काय हो, आज वारा कसा आहे? तुमच्यासाठी गाद्या टाकू का?" आणि मग स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. कवळीवाल्याला ते हसणं दाढेसारखं ठणकायचं.

"उद्या बघू," तो म्हणाला. "दिशा बदलेल."

"आणि नाही बदलली तर?"

"शाळेत सोय केलीय की नगरपालिकेने."

"सख्खी बहीण असताना चारशे माणसांत जाऊन निजायचं? का, तर तुम्हाला कुणी हसू नये म्हणून! धन्य आहे तुमची." बायको आत गेली आणि भांडी जरा जोरातच ठेवायला लागली.

मंगळवारी ऊन असं लख्ख पडलं की कवळीवाल्याला आपलंच खरं वाटलं. दिवसभर बसून त्याने एका निवृत्त ड्रायव्हरची वरची कवळी पुरी केली. मंगळवारी निघाला असता तर गाडीच्या दोन फेऱ्या सहज झाल्या असत्या. पण साडूच्या एका हसण्यापायी तो दिवस त्याने घालवला. पुढे जे झालं ते वादळाने केलं असं कुणी म्हणालं, तर त्यातला हा एक दिवस वजा करावा लागेल.

बुधवारी सकाळी वादळ सरळ गावावर येत होतं. फोनवर फोन वाजायला लागले. पूल दोन वाजता बंद होणार होता, आणि गावाबाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता. मग धावपळ काय विचारता! गाडी छोटी. पुढे तो आणि बायको, मागे मुलगी, आणि मुलीच्या शेजारी दात भाजायची भट्टी आणि साच्यांची दोन खोकी.

"बाबा, हे जबडे माळ्यावर टाकले तर नाही का चालणार?" मुलीने विचारलं.

"पत्रा उडाला तर? भिजले की मातीमोल होतात ते. चाळीस माणसं दातांवाचून बसलीयत माझ्या भरवशावर."

"आणि आत्या?" बायको म्हणाली. ती गाडीबाहेरच उभी होती. "त्यांना कुठे बसवणार?"

आत्या म्हणजे कवळीवाल्याच्या वडिलांची बहीण. तो सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून याला वाढवलं ते हिनेच. बोटीच्या तिकीटखिडकीवर तीस वर्षं काढलेली बाई. साडेनऊची बोट म्हणजे साडेनऊची, नऊ एकतीसला येणाऱ्याने पुढची बघावी. शब्दाची पक्की, आणि दुसऱ्याचाही शब्द तसाच पक्का धरणारी. आई गेल्यानंतरच्या दिवसांत तो एकदा शाळेला निघताना "जातो" म्हणाला होता, तर तिने जिन्यातून परत बोलावून "येतो" म्हणायला लावलं होतं. "जाणारे गेले," ती म्हणाली होती. "तू यायचं आहेस."

आता ती शहात्तर वर्षांची होती आणि खाडीकडच्या गल्लीत तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. सोमवारी त्याने तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली होती, "या वयात मी कुठे नाचू? माझी नको काळजी करूस." हे उत्तर कवळीवाल्याला फार सोयीचं पडलं होतं.

"ती नाही म्हणालीय," तो बायकोला म्हणाला. "तरी एकदा विचारून येतो." गाडी त्याने गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि तो एकटाच आत गेला.

आत्याने दार लगेच उघडलं. खिडक्यांना आतून फळ्या ठोकलेल्या होत्या, त्यामुळे दुपारी साडेबारालाही दिवा लावलेला होता. टेबलावर एक बॅग होती. चेन लावलेली, आणि वर घडी घातलेला रेनकोट. कवळीवाल्याने ती पाहिली.

"कुठे निघालात?" आत्याने विचारलं.

"हिच्या ताईकडे."

"ते बरं. उंचावर आहे." तिने पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. "सोमवारी मी नाही म्हटलं होतं रे तुला. पण बातम्या ऐकून पोटात गोळा येतो. काय काय घेतलंस गाडीत?"

"भट्टी आहे. साचे आहेत. थोडं सामान."

"असं होय," आत्या म्हणाली. "मग दाटीच होत असेल."

इथे बोलायचं वाक्य एकच होतं: आपण जागा करू, चल. खोकी उतरवायला दहा मिनिटं पुरली असती. शेजारच्या पोराटोरांनीही हात लावला असता. पण ते वाक्य कवळीवाल्याच्या ओठांवर आलं नाही. तो म्हणाला, "शाळेची बस येणार आहे गल्लीत, दीड वाजता. चांगली सोय आहे म्हणतात."

"हो का," आत्या म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. पुलाच्या धास्तीने बायकोचा जीव खालीवर होत होता.

"बरं, येतो मी," कवळीवाला म्हणाला आणि पायरी उतरला.

"ये," आत्या म्हणाली. "मी तयार राहते."

निघताना आपण सगळेच येतो म्हणतो. त्याला कुणी वचन समजत नाही, आणि आत्या तर हा रिवाज शिकवणारीच. पण "मी तयार राहते" हे काही निरोपाचं उत्तर नव्हे. तिला वाटलं, हा सामान उतरवून, नाहीतर बायकोमुलीला पुलापलीकडे सोडून आपल्यासाठी परत येतोय. तिने त्याचा शब्द शब्दशः धरला होता. हे कवळीवाल्याला तिथल्या तिथे कळलं. दुसऱ्या पायरीवर तो थबकला, पण वळला नाही. वळला असता तर खरं काय ते सांगावं लागलं असतं. त्याने कानाडोळा केला आणि काढता पाय घेतला.

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"नाहीच म्हणते. बसने जाईल शाळेत."

"नीट विचारलंत ना?"

"विचारलं म्हटलं ना!" तो इतक्या जोरात ओरडला की मागे मुलीने कानातले हेडफोन काढले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गाड्यांच्या रांगेत अडकत अडकत पूल त्यांनी दोनला दहा मिनिटं असताना ओलांडला. त्याआधी बसस्टँडवरून नगरपालिकेची एक बस खाडीकडे वळताना त्याला दिसली आणि त्याने सुस्कारा सोडला. चला, बस निघाली. आता ती बसेलच बसमध्ये. न बसायला काय झालं? असं तो घाट संपेपर्यंत मनाशी घोकत राहिला.

साडू छत्री घेऊन फाटकातच उभा होता. टोमण्याची तयारी ठेवूनच कवळीवाला उतरला. साडूने मात्र वाकून गाडीच्या मागच्या सीटवर पाहिलं आणि विचारलं, "आत्या कुठे आहेत?"

"त्या शाळेत गेल्यात. बसने."

"शाळेत?" साडूचा चेहरा पडला. "अहो, मी खालची खोली रिकामी केलीय त्यांच्यासाठी. त्यांना जिना नको म्हणून पलंग उतरवून घेतला." मग त्याने खोक्यांकडे पाहिलं. "यात काय आहे?"

"साचे."

साडूने एक खोकं स्वतः उचललं आणि खालच्या खोलीत नेऊन ठेवलं. याने एकदाचा टोमणा मारावा असं कवळीवाल्याला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

त्या रात्री वादळ आलं. गुरुवारचा सगळा दिवस फोन बंद होते. ताट पुढे आलं की कवळीवाला ते सारून फाटकाशी जाऊन उभा राहायचा. ताई म्हणाली, "घराची काळजी वाटत असेल, साहजिक आहे."

शुक्रवारी दुपारी रस्ता उघडला आणि तो एकटाच गावात आला. आत्याच्या गल्लीत भिंतींवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. तिच्या स्वयंपाकघराची भिंत आडवी झाली होती. समोरचा शिंपी भिजलेले तागे उन्हात टाकत होता. त्याने हातातलं काम न सोडता सांगितलं, "हॉस्पिटलात आहेत. काल सकाळी होडीतून नेलं."

वॉर्डाच्या दारात नगरपालिकेचं पिवळं जाकीट घातलेली एक मुलगी यादी घेऊन उभी होती.

"कोण तुम्ही?" तिने विचारलं.

"भाचा."

तिने त्याला आपादमस्तक पाहिलं. "म्हणजे येतो म्हणाले होते ते तुम्हीच. दोनदा गेले मी त्यांच्या दाराशी. बस थांबवून ठेवली. मला म्हणाल्या, भाचा येतोय. मी म्हटलं, आजी, दारावर चिठ्ठी लावू. तर म्हणाल्या, चिठ्ठी उडाली तर? मी गेले आणि तो मागून आला, तर मला शोधत पाण्यात फिरेल तो." तिने यादीत पाहिलं. "पाणी वाढल्यावर टेबलावर चढायला गेल्या आणि पडल्या. मोडलेला पाय घेऊन पहाटेपर्यंत खिडकीवरच्या फळ्यांना धरून उभ्या होत्या. सहावी खाट."

सहा खाटा चालून जायला कवळीवाल्याला बराच वेळ लागला. आत्याचा चेहरा एवढासा झाला होता, आवाज बसला होता. त्याला पाहताच तिने हात पुढे केला.

"सगळे ठीक ना? पोरगी घाबरली नाही ना?" आणि मग, तो काही बोलायच्या आत, "पूल लवकर बंद केला ना रे त्यांनी? मी म्हटलंच या जाकीटवाल्या पोरीला. पूल बंद झाला असणार, नाहीतर तो आला असता."

सबब अशी आयती हातात आली. "हो," कवळीवाला म्हणाला. "दीडलाच बंद केला."

"बघ! आणि बरंच झालं बाई. रात्रभर मला हीच धास्ती, की हा वेडा पाण्यात उतरेल." तिने त्याचा हात थोपटला.

त्या थोपटण्याने त्याचा बांध फुटला. "आत्या," तो म्हणाला, "पूल दोनपर्यंत चालू होता. मी परत येणारच नव्हतो. निघताना म्हणतात तसं येतो म्हणालो. तू तयार राहते म्हणालीस ते मी ऐकलं होतं. ऐकून गेलो."

आत्याने हात काढून घेतला नाही. तो तसाच त्याच्या हातावर राहिला, फक्त थोपटायचा थांबला.

"ऐकलं होतंस?"

"हो."

ती बराच वेळ पांघरुणाची कड सरळ करत राहिली. मग दाराकडे पाहत हळूच म्हणाली, "ती पोरगी येईल आता. तिच्यापुढे यातलं काही बोलू नकोस. दोन दिवस भांडतेय मी तिच्याशी तुझ्यावरून."

जाकीटवाली मुलगी खरोखरच आली. आत्याने तोंडावर हसू आणलं. "काय म्हणत होते मी? पुलावर अडवलं याला. काय करणार तो?"

मुलगी ओशाळली. "सॉरी हं, दादा. मनातल्या मनात फार शिव्या दिल्या मी तुम्हाला."

"असू दे," कवळीवाला म्हणाला.

"आजी, सोमवारी सोडतील तुम्हाला," मुलगी यादी उघडत म्हणाली. "पत्ता काय लिहू? यांच्याच घरचा ना?"

"हो, हो, माझाच लिहा," तो घाईने म्हणाला.

"नको गं," आत्या अगदी गोड आवाजात म्हणाली. "त्याला त्याचे व्याप काय कमी आहेत? शाळेचा लिही."

"अहो, तिथे गर्दी किती आहे! हा पाय घेऊन जमिनीवर निजणार तुम्ही?"

"निजेन. लिही तू."

मुलीने मान हलवली आणि कवळीवाल्याकडे वळून म्हणाली, "किती विचार करतात हो तुमचा! नशीबवान आहात."

"हो," कवळीवाला म्हणाला, आणि मुलीने यादीत शाळा लिहिली.