दोन्हीकडं हजर

दहावी आणि नाचाची राज्यस्पर्धा पोरीला एकदम पेलायची नाही, असं आमचे हे उदगीरहून रोज फोनवर बजवायचे आणि मी रोज तडकायचे. "माझी वर्षा दोन्ही करून दाखवील!" त्याच हट्टापायी तर लातुरात खोली घेऊन राहिले होते. पण शिकवणीचा जादा तास आणि नाचाचा सराव, दोन्हीची वेळ संध्याकाळची. एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं पळून पोर ताटावरच पेंगायची.

एके दिवशी ती तापानं फणफणली. "आई, आज कुठंच नको गं," एवढंच म्हणाली. तिच्या कपाळावर पट्टी ठेवत होते, तेवढ्यात शिकवणीचा मेसेज आला, वर्षाराणी हजर. तिथं अंगठा लावल्याशिवाय हजेरी पडत नाही. मशीन बिघडलं असेल, फुकट पडतेय तर पडू दे, म्हणून मी पुन्हा पट्टी भिजवायला घेतली. थोड्या वेळानं नाचाच्या बाईंचा फोन आला, आज वर्षानं कमाल केली म्हणून.

ताप उतरेना आणि मेसेज थांबेनात. शेवटी शेजारच्या नागुबाईंना तिच्याजवळ बसवून मी निघाले. शिकवणीच्या काचेतून पाहिलं, तर वर्षा मान खाली घालून लिहायलेली. रिक्षा करून नाचाच्या वर्गावर गेले, तर तिथंही वर्षा, घामानं चिंब. मी हाक मारली. तिनं ओळखीचं हसून पाहिलं आणि पुन्हा ताल धरला.

"लई सुधारलीय हो," बाई म्हणाल्या. "आता दमतच न्हाई."

घरी आले तर नागुबाई दारातच उभ्या. "पोर कुठं हाय वहिनी? मी मघापासून रिकाम्या खोलीत बसलेय." त्या पुटपुटत निघून गेल्या. आत वर्षा अंथरुणावर होती, मला दिसत होती, तिचं कपाळ हाताला भाजत होतं.

"आई, दोन्ही व्हायलंय ना नीट?" ती म्हणाली. "मग मी काय करू?"

मला रडू फुटलं. तेवढ्यात ह्यांचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "उमा, तूच खरी निघालीस! शिकवणीचे सर अन् नाचाच्या बाई, दोघंबी सांगायलेत, पोरगी एक नंबर हाय. पेलतंय न्हवं तिला?"

इतक्या दिवसांच्या भांडणाच्या सवयीनं तोंडातून "हाव, पेलतंय" निघून गेलं.

मागं वळले, तर वर्षा उठून चादरीची घडी घालत होती, निघताना पाहुणी घालते तशी, कोपऱ्याला कोपरा लावून.