वरच्या टोकाची आठ रीडिंगं

निवृत्तीला तीन महिने उरले की माणूस एकतर हळवा होतो, नाहीतर चिडका. सर यातलं काहीच झाले नव्हते, नुसते दमले होते. छत्तीस वर्षं त्यांनी एकच उद्योग केला होता: तापलेल्या वस्तू थंड कशा करायच्या. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते हे सांगायला प्राध्यापक लागत नाही, चहाचा कप पुरतो. ती किती वेगाने जाते हे सांगायला मात्र सूत्र लागतं, आणि अशा एका सूत्राला सरांचं नाव होतं. यंत्रांच्या पोटात पाणी खेळवून ती थंड ठेवणारे लोक ते डोळे मिटून वापरत.

सरांच्या शेवटच्या विद्यार्थिनीने डोळे उघडे ठेवले, आणि तिथेच पंचाईत झाली.

प्रबंधाचं पाचवं प्रकरण घेऊन ती आली तेव्हा खुर्चीत टेकलीसुद्धा नाही. “सर, खालच्या भागात सगळं तंतोतंत जुळतंय. पण उष्णता वाढवत वरच्या टोकाला गेलं की पाण्याची थंड करायची ताकद तुमच्या सूत्रापेक्षा अकरा टक्के कमी येतेय.”

“काहीतरी चुकत असेल.”

“माझंच चुकत असणार. सात महिने तेच शोधतेय. पंप बदलला, तापमान मोजायच्या तारा तीनदा नव्याने लावल्या. आता शिष्यवृत्ती संपत आली. हे प्रकरणच काढून टाकू का?”

ते काढलं तर प्रबंधात उरणार होता चोथा. इतकी हुशार पोरगी स्वतःवर संशय घेत सात महिने झिजली होती, आणि सरांच्या तोंडून निघालं काय, तर “उद्या सांगतो.”

ती गेल्यावर त्यांनी कपाटातून जुनी नोंदवही काढली, जिच्यातल्या रीडिंगांवरून ते सूत्र बांधलं होतं ती. त्यांच्या प्रयोगशाळेचा एक कडक नियम होता: उष्णता वाढवली की अडीच तास हाताची घडी घालून बसायचं. ज्यातून पाणी खेळवायचं तो तांब्याचा ठोकळा आधी स्वतः तापतो, दिलेली उष्णता थोडी स्वतःच खातो. त्याचं पोट भरायच्या आत रीडिंग घेतलं, तर ती सगळी उष्णता पाण्यानेच नेली असं वाटतं आणि हिशेब फुगतो. हा नियम त्यांनी पोरांना इतका ऐकवला होता की माघारी त्यांचं नावच ‘अडीच तास’ पडलं होतं.

वहीत वरच्या टोकाची आठ रीडिंगं होती. एक वाजून दहा. एक तीस. एक पन्नास. पुढची पाचही तशीच, वीस-वीस मिनिटांनी.

त्या दुपारी बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता, आणि अहवाल दुसऱ्या सकाळी द्यायचा होता. रीडिंगं कशीबशी उरकून सर धावत सुटले. दवाखान्यात पोचले तेव्हा मुलगी जन्मून तास झाला होता. “प्रयोग मध्येच सोडता येत नव्हता,” असं त्यांनी बायकोला सांगितलं. ते वाक्य ती एकतीस वर्षं विसरली नाही. भांडणात कधी काढायची नाही, पाहुण्यांसमोर हसत हसत मात्र हमखास काढायची.

सकाळी विद्यार्थिनी आली ती तोडगा घेऊनच. प्रकरणात तिने एक वाक्य घातलं होतं: हा फरक तत्कालीन उपकरणांच्या मर्यादांमुळे पडला असावा.

सरांनी ते खोडलं. “उपकरणं उत्तम होती. मी थांबलो नाही.” त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. “हे पान छाप प्रबंधात. वेळा दिसतील असं.”

ती वेळा वाचत गेली. मग म्हणाली, “सर, पण तुमचं सूत्र...”

“तुझं चुकलं नव्हतं. ते आधी लिही.”

त्यांनी प्रकरणावर सही केली. मनावरचं ओझं वगैरे काही उतरलं नाही. लाज वाटली, आणि शिणवटा होता तसाच राहिला.

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. सरांनी तिला सगळं सांगितलं, वेळांसकट. ती हातातला टॉवेल तसाच धरून ऐकत राहिली.

“म्हणजे तुम्ही माझ्यासाठी घाई केली होती?”

“हो.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी एवढी वर्षं समजत आले की तुम्हाला यावंसंच वाटलं नाही.”

“सांगितलं असतं, तर रीडिंगं खोटी आहेत हेही सांगावं लागलं असतं.”

तिने टॉवेलची घडी घातली, वर दुसरी ठेवली.

“म्हणजे माझं मन मोडलेलं चाललं,” ती शांतपणे म्हणाली. “सूत्र तेवढं मोडायला नको होतं.”