अंगण वाकडं

दर रविवारी दुपारी शिंप्याच्या दुकानात, कापड कापायच्या मेजावर फुटबॉलचा सामना व्हायचा. मैदान म्हणजे बँडवाल्यांच्या कोटांतून उरलेला हिरव्या बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा तुकडा. खेळाडू बोटभर उंचीचे, त्यांच्या पायाखाली कोटाचं मोठं बटण, आणि चेंडू म्हणून एक मणी. बटणाला टिचकी मारायची, म्हणजे खेळाडू घसरत जाऊन मण्याला धडकायचा. खेळाडू घडवले होते शिंप्याच्या मित्राने. तो कवळ्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला बत्तीशी म्हणत. खेळाडूही त्याने कवळीच्याच मसाल्यातून ओतले होते, त्यामुळे निळा संघ असो की पिवळा, पाय सगळ्यांचे हिरड्यांसारखे गुलाबी.

बत्तीशीचा एक गुडघा वाकत नसे. पाय लांब करता यावा म्हणून तो दाराकडे बसायचा आणि शिंपी खिडकीकडे. मध्यंतरात बाजू बदलायच्या असतात हे दोघांनाही ठाऊक होतं, पण त्या गुडघ्यापायी ते बाजू न बदलता चहा प्यायचे. असं अकरा वर्षं चाललं, आणि अकरा वर्षं बहुतेक रविवारी शिंपीच जिंकला. शाळेत, धंद्यात, अगदी सख्ख्या भावांतही तो कायम दुसरा आला होता. पहिला येण्याची त्याची जागा हे एवढंच मेज होतं, आणि ते सुख तो लपवत नसे. बत्तीशी कधी कुरकुरला, की मणी अडतोय, ओढ घेतोय, तर शिंपी हसून म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं."

एका रविवारी शिंप्याच्याच कोपराने चहाचा कप मैदानावर लवंडला. सोमवारी त्याने बनात धुतली, वाळवली आणि इस्त्रीला घेतली. इस्त्रीआधी कापडावरून तळवा फिरवायची त्याची सवय. तळवा खिडकीकडून दाराकडे गुळगुळीत गेला. उलटा फिरवला, तर अडला. शिंप्याने पुन्हा फिरवून पाहिला आणि इस्त्री बाजूला ठेवली.

बनातीला लव असते, आणि लव एकाच दिशेला निजते. कोट कापताना ती आधी पाहायची, हे तो नवशिक्यांना कानीकपाळी ओरडून सांगायचा. मैदान कापताना मात्र त्याने ती पाहिलीच नव्हती. म्हणजे अकरा वर्षं त्याचा मणी उतारावर धावत होता आणि बत्तीशीचा चढावर. ते कळायला वावही नव्हता, कारण मैदानाला हात लागला की फाउल, हा नियम दोघांनी मिळूनच केलेला.

बायकोने हात फिरवून पाहिला. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," ती म्हणाली. सांगितलं नाही तर कुणाला कळणार, असं शिंपी पुटपुटला. त्यावर ती बनात त्याच्या हातात ठेवून आत निघून गेली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

खाई त्याला खवखवे. बुधवारपर्यंत शिंप्याने एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापून ठेवल्या. गुरुवारी तो उठला आणि सरळ बत्तीशीच्या कारखान्यात गेला. बत्तीशी बाकावर वाकून एक दात घासत होता. शिंप्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मित्र हसेल, चार शिव्या देईल, अशी त्याची अपेक्षा होती.

बत्तीशीने कानस खाली ठेवली. "मला वाटलं, माझा हात गेला," तो म्हणाला. "तुझ्याकडे ती टिचकी बसेना, म्हणून मी स्वतःवरच शंका घ्यायला लागलो. गेल्या वर्षापासून समोरच्या दातांची बारीक कामं मी डॉक्टरांना परत पाठवतोय. आणि तू मला अंगणाची म्हण ऐकवत होतास."

 शिंपी मान खाली घालून घरी आला. त्या रविवारी बत्तीशी आला नाही. चहा दोघांचा झाला होता, बत्तीशीच्या वाटचा शिंप्याच्या बायकोने प्यायला. "भावजींचा हात तुम्हीच घालवलात," ती कप विसळत म्हणाली, "आता तो परतही तुम्हीच आणा."

शिंप्याने बनात मेजावर पसरली. जिच्यावर तो जन्मात पहिल्यांदा जिंकला होता, ती हीच. त्याला तिचा फार लोभ होता. मग त्याने मोठी कात्री घेतली आणि मध्यरेषेवर मैदान सरळ दोन तुकड्यांत कापलं. खिडकीकडचा तुकडा उलटा फिरवला आणि दोन्ही पुन्हा एकत्र शिवले. लव मध्यापासून दोन्ही गोलांकडे निजायला हवी, म्हणजे उतार दोघांनाही सारखा. शिवण दाबून, खालून वाफ देऊन त्याने इतकी सपाट केली, की तशी त्याने लग्नाच्या कोटालाही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो खेळाडूंची डबी खिशात घालून आणि बनातीची गुंडाळी काखेत मारून कारखान्यात गेला. बाकावरची प्लास्टरची पूड त्याने आपल्याच रुमालाने पुसली आणि मैदान अंथरलं. "हात लाव," तो म्हणाला. "आज फाउल नाही."

बत्तीशीने डोळे मिटून एका अर्ध्यावरून तर्जनी फिरवली, मग दुसऱ्यावरून. मध्ये शिवणीवर ती क्षणभर थांबली. त्याने पाय लांब केला आणि पिवळा संघ मांडायला घेतला.

त्याच्या पहिल्या तीन टिचक्यांनी मणी गोलावरून उडून प्लास्टरच्या पोत्यात गेला. अकरा वर्षं चढावर कमावलेलं बोट उताराला आवरेना. तो स्वतःशीच हसला. चौथ्या वेळी त्याने बोट अलगद सोडलं, आणि मणी शिंप्याच्या गोलरक्षकाच्या गुलाबी पायांजवळून हळूच आत गेला. त्यानंतर शिंप्याची पळता भुई थोडी झाली. सामना चार-तीन असा बत्तीशीने जिंकला.

"मध्ये शिवणीवर मणी जरा अडखळतो रे," शिंपी म्हणाला.

बत्तीशीने त्याच्याकडे पाहिलं. "नाचता येईना," तो सावकाश म्हणाला, आणि पुढचं बोललाच नाही.

शिंप्याचे कान लाल झाले, पण मनावरचा दगड उतरला. तो पाठमोरा होऊन बनात गुंडाळू लागला. मागे बत्तीशी दातांच्या डॉक्टरांना फोन लावत होता. समोरच्या दातांचं जे काम मागच्या आठवड्यात परत पाठवलं होतं, ते अजून तुमच्याकडे असेल तर उद्या पाठवून द्या, असं तो सांगत होता.