मिठाची चव

सकाळीच सासूबाईंनी माझ्या मांजराला, सेनिसाला, कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलं. मला पाचवा महिना. पोटुशीच्या घरात मांजर नको, हे त्यांचं एकच पालुपद.

"तिच्या शीची वाळू विल्मार रोज बदलतो. मी हातसुद्धा लावत नाही," मी नवऱ्याकडे बोट दाखवत म्हटलं.

"मांजरासाठी एवढा जीव तुटतोय, तर बाळंतपणालाही तिलाच बोलव."

अंगणात कापलेल्या डुकराचं मांस लसूण-मिरपूड घालून मळणं चाललं होतं. दुरास्नो गावातल्या आमच्या घरी हिवाळ्यात वर्षभराचे चोरिसो, आतड्यात मांस भरून केलेले सॉसेज, असेच होतात. मला एका जागी बसवेना. उठायची, खुराड्याकडे बघायची, परत यायची. सेनिसा ओरडतच होती.

"येरझारा पुरे. मीठ बघ," म्हणत सासूबाईंनी कच्च्या मांसाची चिमूट पुढे केली. मिठाची चव दरवर्षी माझ्याकडेच. मी चाखलं. "कमी आहे."

मग न राहवून डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"मांजर राहू दे की घरात," त्या म्हणाल्या. "वाळू दुसऱ्यानं रोज काढली की झालं."

मी सासूबाईंकडे रोखून पाहिलं.

"मांजराच्या शीतला जो जंतू पोटातल्या बाळाला बाधतो, तोच कच्च्या मांसातही असतो. जपायचं ते त्या मांसापासून. कच्चं काही तोंडात घालू नकोस, चवीपुरतंसुद्धा."

मीठ वाढवून घेतलेली दुसरी चिमूट सासूबाईंच्या बोटांत तशीच राहिली.

मी जिंकले होते. जिभेवर लसूण अजून चुरचुरत होता.